गुडगावचा एक फ्लॅट आणि त्याचं एकतर्फी ॲग्रीमेंट

फ्लॅटचं ॲग्रीमेंट हातात आलं की बहुतेक लोक तीनच गोष्टी बघतात, नाव बरोबर आहे ना, एरिया किती लिहिलाय आणि रक्कम ठरली होती तीच आहे ना. बाकीची पन्नाससाठ पानं म्हणजे "ते वकिली असतं हो, सगळ्यांना तेच देतात". आणि खरंच सगळ्यांना तेच देतात, गोम तिथेच आहे. असं छापील ॲग्रीमेंट नक्की कुठे आणि कसं एका बाजूला झुकलेलं असतं हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एकच प्रकरण घेऊन बसूया, ज्यात सुप्रीम कोर्टाने कलमांच्या नंबरासकट ॲग्रीमेंट समोर ठेवून वाचलंय.

पायोनियर अर्बन लँड अँड इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीचं हे प्रकरण. निकाल २ एप्रिल २०१९ चा, न्यायमूर्ती उदय लळित आणि न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांच्या खंडपीठाचा. प्रकल्पाचं नाव अराया, गुरुग्रामच्या सेक्टर ६२ मधला, म्हणजे तिकडचा एकदम पॉश पट्टा. घेणाऱ्याने ८ मे २०१२ ला ॲग्रीमेंटवर सही केली आणि पुढे हप्त्याहप्त्याने मिळून भरले ४ कोटी ८३ लाख २५ हजार २८० रुपये. आकडा मुद्दाम पूर्ण लिहिला, कारण एकतर्फी करारात अडकतो तो कुणीतरी भोळाभाबडा, कमी शिकलेला, असा आपला एक समज असतो. पावणेपाच कोटी भरू शकणाऱ्या माणसाला वकील परवडत नव्हता असं काही नाही. तरी सही त्याच छापील कागदावर झाली, कारण दुसरा कागदच समोर नव्हता.

आता ताब्याची तारीख बघा. म्हणजे बघाच, कारण तारीख अशी त्यात कुठेच नाही. कलम ११.२ म्हणतं की खोदकाम सुरू झाल्यापासून ३९ महिन्यांच्या आत ऑक्युपन्सी सर्टिफिकेटसाठी (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) अर्ज करण्याचे सर्व प्रयत्न बिल्डर करील, आणि वर १८० दिवसांचा ग्रेस पिरियड. हे वाक्य घाईत वाचलं तर "पावणेचार वर्षात ताबा" असंच डोक्यात बसतं. सावकाश वाचलं की कळतं, ताबा देईन असं त्यात म्हटलेलंच नाही. ओसी मिळवीन असंही नाही. ओसीसाठी अर्ज करीन असंसुद्धा ठाम नाही, अर्ज करायचे प्रयत्न करीन एवढंच. आणि घड्याळ कधी सुरू होणार तर सहीच्या दिवशी नाही, पहिला चेक वटला त्या दिवशीही नाही, खोदकाम सुरू झालं की, आणि खोदकाम कधी सुरू करायचं ते बिल्डरच्याच हातात. इथे नशिबाने खोदकाम ४ जून २०१२ ला सुरू झालं, म्हणजे सहीनंतर महिन्याभरातच, पण समजा ते वर्षभर रखडलं असतं तर अख्खं वेळापत्रक वर्षाने पुढे गेलं असतं आणि कागदावर बिल्डरचा एक दिवसही उशीर झाला नसता.

तर ४ जून २०१२ पासून ३९ महिने म्हणजे ४ सप्टेंबर २०१५, त्यात १८० दिवस धरले की २०१६ चा मार्च उजाडतो. ओसी काही आली नाही. जानेवारी २०१७ पर्यंत वाट बघून घेणाऱ्याने राष्ट्रीय ग्राहक आयोगात तक्रार टाकली, की माझे पैसे १८ टक्के व्याजाने परत द्या. प्रत्यक्षात ओसी मिळाली २३ जुलै २०१८ ला आणि ऑगस्टअखेर बिल्डरने पत्र पाठवलं की या, ताबा घ्या. तोपर्यंत घेणाऱ्याने दुसरीकडे घर बघितलेलं होतं, बँकेच्या लोनचं व्याज चालू होतंच, त्याला आता हे घर नको होतं. बिल्डरचं म्हणणं, घर तयार आहे, ओसी आहे, मग पैसे परत कशाला, ॲग्रीमेंटप्रमाणे ताबा घ्या.

आणि ॲग्रीमेंटप्रमाणे बघितलं तर, खरं सांगायचं, बिल्डरची बाजू भक्कमच होती. कशी ते बघण्यासाठी मी जे करतो ते करा: एकच चूक घ्यायची, ती आधी आपल्याकडून झाली असं समजायचं आणि करार काय म्हणतो ते लिहायचं, मग तीच चूक बिल्डरकडून झाली असं समजायचं आणि शेजारी लिहायचं. कोर्टाने निकालात जवळपास हेच केलंय.

घेणाऱ्याचा हप्ता चुकला तर? कलम ६.४ नुसार उशिरावर वार्षिक १८ टक्के व्याज. हप्ता ३० दिवसांपेक्षा जास्त थकला की बिल्डर अलॉटमेंट रद्द करू शकतो, करार संपवू शकतो. शिवाय कलम २३.४, की करारातली कुठलीही अट मोडली तर बिल्डर नोटीस देणार, ३० दिवसात सुधारलं नाही तर करार आपोआप रद्द आणि अर्नेस्ट मनी, म्हणजे इसाऱ्याची रक्कम, पूर्ण जप्त. "आपोआप" हा शब्द लक्षात ठेवा.

बिल्डरचा ताबा चुकला तर? इथे कलम ११.५ येतं आणि हे कलम जरा सावकाश वाचण्यासारखं आहे. आधी ग्रेस पिरियड संपू द्यायचा. मग घेणाऱ्याने आणखी १२ महिने थांबायचं. मग करार रद्द करायची नोटीस द्यायची, ती ९० दिवसांची. ते ९० दिवस संपले की बिल्डरला पैसे परत करायला आणखी ९० दिवस. आणि परत काय मिळणार तर फक्त भरलेले हप्ते, त्यातूनही भरलेले कर वजा, तुमच्याकडून कधी उशीर झाला असेल तर त्याचं व्याज आणि दंड वजा. इतक्या वर्षांचं व्याज? नाही. त्या शेवटच्या ९० दिवसातही पैसे दिले नाहीत तर तिथून पुढे ९ टक्के, बस.

आता हे कॅलेंडरवर मांडून बघा. मार्च २०१६ ला ग्रेस संपला, मार्च २०१७ पर्यंत गप्प बसा, जून २०१७ पर्यंत नोटीस चालू, सप्टेंबर २०१७ च्या आसपास पैसे आणि तेही बिनव्याजी. २०१२ पासून भरत आलेले पैसे पाच वर्षांनी जसेच्या तसे, किंबहुना कर कापून थोडे कमीच. तुमच्या चुकीला ३० दिवस, त्यांच्या चुकीला ग्रेस धरून दोन वर्षं. तुमच्या एका दिवसाच्या उशिरालाही १८ टक्के, त्यांच्या कित्येक महिन्यांच्या उशिराला शून्य. ९ टक्के हा आकडा कागदावर दिसतो म्हणून लोकांना वाटतं की चला निदान अर्धं तरी व्याज आहे, पण ते ९ टक्के ताब्याच्या उशिरावर नाहीच, रिफंडच्या उशिरावर आहे, आणि तिथपर्यंत पोचायला सगळे अडथळे पार करावे लागतात.

अजून एक राहिलं, माझ्या मते सगळ्यात वाईट. कलम ११.५ च्या पाचव्या पोटकलमात म्हटलंय की करार रद्द करायचा हक्क त्या ठरलेल्या मुदतीत वापरला नाही तर तो संपला, नंतर करार रद्द करता येणार नाही, सगळ्या अटी बंधनकारक. म्हणजे सज्जनपणे "देतील हो, जरा थांबूया" म्हणून थांबलात की तुमची बाहेर पडायची वाट बंद. बिल्डरची रद्द करायची वाट मात्र कायम उघडी.

इथे बिल्डरची बाजू पण ऐकली पाहिजे, नाहीतर आपणही एकतर्फीच. छापील करार असणं हे स्वतः काही पाप नाही. दोनशे लोकांना फ्लॅट विकायचे तर दोनशे वेगवेगळे करार कोणी करत नाही, लोन देणाऱ्या बँकेलाही एकसारखाच कागद बरा पडतो, नंतर सोसायटी करताना, कन्व्हेयन्सच्या (म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करायच्या) वेळी, सगळ्यांच्या अटी सारख्या असलेल्या बऱ्याच. आणि हप्ते थकले की काम थांबतं आणि वेळेवर भरणाऱ्या बाकीच्यांना त्रास होतो, तर उशिरावर व्याज लावणं यात गैर काही नाही. १८ टक्के जास्त आहे की नाही यावर वाद घालता येईल. पण पलीकडच्या बाजूला तसंच कलम नसणं यावर वाद काय घालणार.

कोर्टाने काय केलं, तर कलमं अशी शेजारी शेजारी ठेवली आणि म्हटलं की या अटी वरवर बघताच एकतर्फी, अन्यायकारक आणि अवाजवी आहेत. घेणाऱ्याला बिल्डरने दाखवलेल्या जागी सही करण्यावाचून पर्याय नव्हता असं दिसलं, तर अशी अट अंतिम आणि बंधनकारक धरता येत नाही. आणि अशी कलमं करारात घालणं हीच १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २ (१) (आर) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण आधी लढाई असायची "बिल्डरने करार मोडला" यावर, आणि बिल्डर म्हणायचा करार दाखवा, कुठे मोडलाय. इथे कोर्टाचं बोट करारावरच आहे. याची मुळं जुनी आहेत बरं का, १९८६ च्या ब्रजोनाथ गांगुली प्रकरणात सुप्रीम कोर्टाने असमान ताकदीच्या दोन बाजूंमधल्या कराराबद्दल सांगून ठेवलेलं होतं, ते प्रकरण नोकरीच्या अटींचं होतं, आणि २००६ मध्ये विधी आयोगाने आपल्या १९९ व्या अहवालात अन्यायकारक करारांबद्दल वेगळा कायदाच सुचवला होता. निकालात दोन्हींचा आधार घेतलाय.

आता मजा बघा. घेणाऱ्याने तक्रार कधी टाकली? २७ जानेवारी २०१७. आणि करारातले ते १२ महिने कधी संपणार होते? मार्च २०१७ मध्ये. म्हणजे कराराच्या हिशोबाने गडी अजून थांबायच्या रांगेतच होता, नोटीस देण्याचाही हक्क त्याला आलेला नव्हता. कोर्टाने म्हटलं की ग्राहक तक्रार टाकून करार संपवणं योग्यच होतं, आणि बिल्डर जेव्हा केव्हा ताबा देऊ करील तेव्हा तो मुकाट्याने घ्यायला त्याला भाग पाडता येणार नाही. पैसे परत, १०.७ टक्के सरळ व्याजाने. हा १०.७ आकडा हवेतून आलेला नाही, हरियाणाच्या रेरा (बिल्डर आणि घर घेणारे यांच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नियमांच्या नियम १५ मधला दर राष्ट्रीय आयोगाने लावला आणि सुप्रीम कोर्टाने तो तसाच ठेवला. हिशोब केला तर ४ कोटी ८३ लाखांवर वर्षाला साधारण ५१ लाख ७० हजार होतात. करारातली गोष्ट आणि ही गोष्ट, दोन्ही एकाच सहीवर.

पण हा निकाल वाचून "चला, कशावरही सही करा, कोर्ट बघून घेईल" असं वाटायला लागलं असेल तर दोन गोष्टी सांगतो. एक, मागितले होते १८, मिळाले १०.७. मला बिल्डरने १८ लावले असते म्हणून मलाही १८ द्या हे गणित कोर्टात तसंच्या तसं चालत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. जानेवारी २०२१ मध्ये आयरिओ ग्रेस रिअलटेकच्या प्रकरणात, तेही गुरुग्रामचंच, सुप्रीम कोर्टाने अटी एकतर्फी आहेत हे मान्य केलं, पण घेणाऱ्यांचे दोन गट पाडले. ज्यांच्या टॉवरची ओसी आलेली आणि ताबा देऊ केलेला, त्यांनी ताबा घ्यायचा, उशिराची भरपाई मिळेल. ज्यांची ओसीच आली नव्हती त्यांना पैसे व्याजासकट परत. म्हणजे करार एकतर्फी ठरला तरी पैसे परत मिळतीलच असं नाही, ओसी कधी आली, उशीर किती झाला, तुम्ही कधी उठून तक्रार केली यावर पुष्कळ अवलंबून असतं. आणि तुम्हीच मागे फिरलात तर अजून वेगळं. फेब्रुवारी २०२५ च्या गोदरेज प्रोजेक्ट्सच्या निकालात बिल्डरने ओसी घेऊन ताबा देऊ केला होता, बाजार पडला म्हणून घेणाऱ्यांनी नको म्हटलं, करारात २० टक्के जप्तीची अट होती. कोर्टाने ती एकतर्फी म्हणून नाकारली, पण १० टक्के कापायला हरकत नाही म्हटलं. मला तरी हे रास्त वाटतं.

आणखी एक प्रकार, जो अजून लोकांना फसवतो. "ताब्याला उशीर झाल्यास महिन्याला प्रति चौरस फूट ५ रुपये भरपाई." ऐकायला बरं वाटतं, बिल्डर स्वतःहून भरपाई लिहून देतोय! १५०० चौरस फुटाच्या फ्लॅटला महिन्याचे साडेसात हजार. तुमचं चालू भाडं किती, लोनचा ईएमआय किती, जरा शेजारी लिहून बघा. डीएलएफ सदर्न होम्सच्या बंगळुरूच्या प्रकल्पाबाबत ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच बघितलं आणि त्या ५ रुपयांच्या वर भरलेल्या रकमेवर वार्षिक ६ टक्के सरळ व्याज द्यायला लावलं. म्हणजे करारात भरपाईचं कलम आहे यावर खुश होऊन चालत नाही, ते रुपयात किती होतं ते काढायचं आणि तुम्ही उशीर केला तर तुम्हाला तेवढ्याच काळाचे किती पडतात तेही काढायचं.

बरं, हे सगळं २०१२ च्या करारातलं. आता रेरा आलाय ना, मग? हो, आणि खूप काही बदललं, हे नाकारण्यात अर्थ नाही. रेराच्या व्याख्येतच लिहिलंय की घेणाऱ्याला जो व्याजाचा दर तोच बिल्डरलाही, म्हणजे १८ विरुद्ध शून्य हे सरळसरळ करता येत नाही. महाराष्ट्रात नियम १८ प्रमाणे तो दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा आधारदर) अधिक २ टक्के. कलम १३ मुळे ॲग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. कलम १८ मुळे ताबा चुकला तर पैसे व्याजासह परत घ्यायचे, किंवा प्रकल्पात राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज, निवड तुमची. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं. एरिया कार्पेटमध्येच सांगायचा. आणि महाराष्ट्राच्या नियमांना जोडलेला मॉडेल करार आहे, परिशिष्ट अ म्हणतात त्याला, त्यात हप्ता चुकला तरी बिल्डरला तडकाफडकी करार रद्द करता येत नाही, तीन वेळा चुकल्यावर आणि १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनच. टप्पेही ठरलेले आहेत, जोत्यापर्यंत ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, स्लॅबपर्यंत ७० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असं.

मग एकतर्फीपणा संपला का? नाही, त्याने जागा बदलली. आता तो व्याजाच्या दरात सापडत नाही, व्याख्यांमध्ये सापडतो. ताबा म्हणजे काय, तर काही ठिकाणी "फिट आऊटसाठी ताबा" असं घुसवलेलं असतं, म्हणजे ओसी नाही पण चावी देतो, आत फर्निचर करून घ्या, आणि त्या दिवशी बिल्डरचा उशीर कागदावर थांबला आणि तुमचा मेंटेनन्स सुरू झाला. फोर्स मेज्योर म्हणजे काय, तर युद्ध, पूर, भूकंप इथपर्यंत ठीक, पण त्यापुढे "मजुरांची टंचाई, साहित्याची टंचाई, परवानग्यांना लागलेला विलंब आणि बिल्डरच्या नियंत्रणाबाहेरची इतर कोणतीही कारणं" असं जोडलं की मग उशीर असा उरतच नाही, सगळंच देवाच्या मर्जीवर. महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, फोर्स मेज्योर, दोष दायित्व, कार्पेट एरिया आणि कन्व्हेयन्स या कलमांना हात लावायचा नाही असं ठरवून दिलंय, ते नेमकं यासाठीच.

आणि संमतीचं कलम. याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. रेराच्या कलम १४ प्रमाणे मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर घर घेतलेल्या किमान दोन तृतीयांश लोकांची आधी लेखी संमती पाहिजे. बिल्डर काय करतो, ॲग्रीमेंटमध्येच एक परिच्छेद टाकतो की यापुढे नकाशात जे काही बदल होतील, मजले वाढतील, नवीन विंग येईल, त्याला घेणाऱ्याची अपरिवर्तनीय संमती आहे आणि ती वेगळी मागायची गरज नाही. झाली संमती, सगळ्यांची, सहीच्या दिवशीच! मुंबई हायकोर्टाने २०१० मध्ये मधुविहार सोसायटीच्या प्रकरणात, मोफा या महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकीच्या कायद्याखाली, सांगितलेलं आहे की अशी सरसकट आगाऊ संमती चालत नाही, नेमका बदल काय आहे ते पूर्ण सांगून त्यासाठीच घेतलेली संमती पाहिजे. तरीही हा परिच्छेद अजून छापला जातो, कारण दहातले नऊ जण तो वाचूनच मागे हटतात, कोर्टात कोण जातंय. बेकायदा कलम करारात ठेवायचा फायदा हाच असतो, ते कोर्टात टिकायची गरजच नसते, समोरच्याला घाबरवलं तरी काम झालं.

पार्किंगचं थोडक्यात सांगतो, स्टिल्टचं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग स्वतंत्र विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने पांचाली सोसायटीच्या प्रकरणात २०१० लाच सांगितलंय, तर करारात पार्किंगच्या नावाने वेगळी रक्कम दिसली की विचारा ते नक्की कसलं पार्किंग आहे, कव्हर्ड की स्टिल्ट की उघडं, आणि नंबर लिहून घ्या.

सही करायच्या आधी करण्यासारखं काम, महाराष्ट्रात तरी, सोपं आहे आणि फुकट आहे. महारेराच्या साईटवर प्रकल्पाचा नंबर टाकला की बिल्डरने अपलोड केलेला ॲग्रीमेंटचा मसुदा आणि अलॉटमेंट लेटरचा मसुदा मिळतो. मॉडेल करारापासून आपण कुठे कुठे फारकत घेतली त्याचा डेव्हिएशन रिपोर्टही बिल्डरने द्यायचा असतो. तो उघडा. साठ पानं वाचण्यापेक्षा हे दोनचार पानांचं वाचन जास्त कामाचं, बिल्डरने स्वतःच कबूल केलेली यादी आहे ती. मग तुमच्या हातात दिलेला कागद त्या अपलोड केलेल्या मसुद्याशी जुळतो का ते बघा, कधी कधी जुळत नाही. आणि हे सगळं बुकिंगच्या आधी, निदान टोकन देतानाच, कारण महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये बुकिंग रद्द केल्यास कापायची रक्कम दिवसांवर ठरलेली आहे, १५ दिवसात काहीच नाही, पुढे वाढत वाढत ६० दिवसांनंतर किमतीच्या २ टक्के. म्हणजे मसुदा वाचून मन बदललं तर पहिल्या पंधरवड्यातच बदललेलं बरं.

तयार घर घेत असाल, ओसी हातात आहे, तर वरचं ताब्याचं अर्धं गाऱ्हाणं गळून पडतं, तेव्हा फक्त दोष दायित्व, कन्व्हेयन्स, मेंटेनन्सचा आगाऊ आकडा आणि पार्किंग एवढंच नीट बघा.

तक्रारीची वेळ आलीच तर दारं दोन आहेत, रेरा आणि ग्राहक आयोग, आणि इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या २०२० च्या निकालाने स्पष्ट केलंय की रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात तर "अन्यायकारक करार" ही वेगळी व्याख्याच आली, कलम २ (४६), आणि करारच अन्यायकारक आहे अशी तक्रार असेल तर ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगात जाते, जिल्हा आयोगात नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती मात्र बिल्डरच्या गोड बोलण्यात जाऊ देऊ नका.

आता सगळ्यात नेहमीचा प्रश्न, की हे सगळं काढून दाखवलं तरी सेल्सवाला म्हणणार "सर, स्टँडर्ड फॉरमॅट आहे, एका कस्टमरसाठी बदलता येत नाही", मग उपयोग काय? उपयोग आहे. तोंडी बोलू नका, ईमेल करा. कलम नंबर लिहा, मॉडेल करारात तिथे काय आहे ते लिहा, बदलून मागा. दहापैकी दोन गोष्टी बदलूनही मिळतात, विशेषतः ताब्याची व्याख्या आणि नकाशा बदलायची ती सरसकट संमती, कारण लेखी विचारलं की फाईल त्यांच्या लीगलवाल्याकडे जाते आणि त्याला माहीत असतं कोर्टात काय टिकतं. आणि बाकीच्या आठसाठी उत्तर आलं की "फॉरमॅट बदलता येणार नाही, मान्य असेल तर पुढे या", तर ते उत्तर जपून ठेवा, प्रिंट काढून ॲग्रीमेंटच्या फाईलमध्येच लावा. पायोनियरच्या निकालात कोर्टाने जो प्रश्न विचारला, की घेणाऱ्याला सही करण्यावाचून दुसरा पर्याय होता का, त्याचं उत्तर बिल्डरने स्वतःच्याच ईमेलवरून तुम्हाला लिहून दिलेलं असतं.